मोरीची भिंत : मुंबईतील जुन्या चाळींमधील ओल, बुरशी आणि नागरी आरोग्यव्यवस्था – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नागरी इतिहासाच्या लेखनात रस्ते, गिरण्या, गोद्या, रेल्वे आणि सार्वजनिक इमारती यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे स्थान सामान्य माणसाच्या राहत्या खोलीला मिळालेले नाही. त्या खोलीतही देवघर, गॅलरी, दिवाणखाना यांविषयी आठवणींच्या रूपाने बरेच लिहिले गेले. मात्र स्वयंपाकाच्या कोपऱ्यातील मोरी आणि तिच्यामागची ओली भिंत यांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही. वास्तविक पाहता शहराने पाणी कसे आणले, ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचवले आणि वापरलेले पाणी कोठे सोडले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या भिंतीवर उमटलेली असतात. गिलाव्याचे पोपडे, विटांना लागलेला लोणा आणि कोपऱ्यात धरलेली काळी बुरशी हे केवळ घराच्या दुरुस्तीचे विषय नाहीत; ते ऐतिहासिक पुरावेही आहेत.

प्रस्तुत शोधनिबंधात दक्षिण मुंबईतील जुन्या चाळींच्या संदर्भात या ओलीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयाकडे वळण्याचे एक कारण व्यक्तिगत आहे, त्याचा उल्लेख पुढे यथास्थळी येईल.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मुंबईतील पाणीपुरवठा व सांडपाणी व्यवस्था यांच्या वाढीतील विसंगती स्पष्ट करणे, (२) प्लेगच्या काळात घरातील ओलीविषयी शासनाने घेतलेल्या भूमिकेची चिकित्सा करणे, (३) चुना व सिमेंट या बांधकाम साहित्यांतील बदलाचा जुन्या भिंतींवर झालेला परिणाम पाहणे, (४) दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास थोडक्यात मांडणे.

त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधनाला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे. घरातील ओल ही तेथे राहणाऱ्यांच्या सवयींपेक्षा पाण्याच्या सार्वजनिक व्यवस्थेशी अधिक निगडित आहे, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे.

न्हाणीघराकडून मोरीकडे

कोकणातील जुन्या घरांत न्हाणी बहुधा मुख्य घराला लागून पण काहीशी अलग, परसदाराच्या बाजूस असे. तिथल्या चुलीवर तांब्याच्या हंड्यात पाणी तापे आणि त्या धगीने भिंती सुकत. न्हाणीचे पाणी पन्हळीतून केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात जाई. देशावरील वाड्यांतही पाण्याची जागा चौक, आड किंवा हौद यांच्या आश्रयाने असे. तेथे ऊन व वारा पोहोचत असे. याचा अर्थ जुन्या घरांत ओल नव्हती असा नव्हे. पावसाळ्यात जांभ्याचा चिरा पाणी शोषून घेतोच. परंतु त्या घरांत पाण्याला बाहेर जाण्याची वाट होती आणि भिंतीला वाळण्याची सवड होती.

मुंबईच्या चाळीत हे दोन्ही नाहीसे झाले. एका खोलीच्या बिऱ्हाडात अंघोळ, धुणे व भांडी या तिन्ही कामांसाठी एका कोपऱ्यात शहाबादी फरशीची, कडेने थोडी उचललेली मोरी करण्यात आली. तिच्या पाण्याचा निचरा बाहेरच्या भिंतीवरील बिडाच्या नळातून होणार, म्हणून ती इमारतीच्या मागील भिंतीला लागून ठेवावी लागे. या भिंतीच्या पलीकडे असे ती घरगल्ली. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असलेली ही चिंचोळी जागा सांडपाणी वाहून नेण्यासाठी आणि टोपलीच्या संडासांची सफाई करणाऱ्या कामगारांना येण्याजाण्यासाठी राखलेली होती. तेथे ऊन क्वचितच उतरे. परिणामी मोरीची भिंत आतून रोजच्या वापराच्या पाण्याने आणि बाहेरून गळक्या नळांनी, अशी दोन्ही अंगांनी भिजत राहिली. ही गल्ली साफ करण्याचे काम जातीने ठरवून दिलेल्या समाजांकडे होते, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. घरातील बाईने मोरी घासावी आणि गल्लीतील घाण विशिष्ट जातीच्या माणसाने उचलावी, अशा दुहेरी विषमतेवर ही सारी व्यवस्था उभी होती.

पाणी आले, निचरा राहिला

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा या योजनांनी शहराच्या पुरवठ्यात मोठी भर घातली. विहिरी व तळी यांवर अवलंबून असलेल्या शहरासाठी ही निःसंशय मोठी उपलब्धी होती. तथापि, आलेले पाणी वापरानंतर बाहेर नेणाऱ्या भूमिगत वाहिन्यांचे जाळे त्याच गतीने वाढले नाही. ते पुढील अनेक दशके तुकड्यातुकड्यांनी पुरे होत राहिले. मरियम डोसाल यांनी आपल्या १९९१ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात मुंबईच्या या काळातील नियोजनाची, त्यामागील साम्राज्यवादी हेतूंची व स्थानिक वास्तवाची सविस्तर चर्चा केली आहे.

मुंबई मूळची सात बेटांची. त्यांमधील खाजण भरून तयार झालेली बरीचशी जमीन सखल आहे. तेथे पाणी सहज मुरत नाही आणि उताराअभावी सहज वाहतही नाही. अशा जमिनीवर नळाचे पाणी भरपूर आणि निचरा अपुरा, अशी स्थिती निर्माण झाल्यावर तिचा परिणाम जोत्यावर व तळमजल्याच्या भिंतींवर होणे अटळ होते. विटा व चुना यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. वर चढताना ते जमिनीतील क्षार सोबत घेते आणि भिंतीच्या पृष्ठभागावर वाळताना ते क्षार मागे सोडते. त्यांचे स्फटिक होताना गिलावा फुगतो व सुटतो. ‘भिंतीला लोणा लागला’ असे आपण म्हणतो, त्यामागील प्रक्रिया ही आहे. वरच्या मजल्यांवर कारण वेगळे असते. तेथे ओल खालून चढत नाही. ती मोरीच्या फरशीच्या सांध्यांतून, नळाच्या जोडांतून आणि बाहेरच्या तडकलेल्या गिलाव्यातून शिरते. ही दोन कारणे वेगळी ओळखली नाहीत, तर उपाय चुकतो.

प्लेग आणि ओलीचा गुन्हा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या वेळी प्लेगचा जंतू सापडून दोनच वर्षे झाली होती आणि रोग पसरण्याचा मार्ग निश्चित कळलेला नव्हता. दूषित हवा, ओलसर जमीन व अंधाऱ्या खोल्या यांतून रोग उद्भवतो, ही जुनी समजूत प्रशासनात दृढ होती. युरोपातही माक्स फॉन पेटेनकोफर यांच्यासारख्या नामवंत आरोग्यशास्त्रज्ञाने पटकीचा संबंध जमिनीतील पाण्याच्या पातळीशी जोडला होता. त्यामुळे मुंबईत रोगाचा शोध माणसापेक्षा घरात अधिक घेतला गेला. प्रशांत किदंबी यांनी २००७ च्या आपल्या अभ्यासात या स्थानकेंद्री दृष्टीचे विवेचन केले आहे.

या दृष्टीचे परिणाम प्रत्यक्ष भिंतींवर झाले. गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक आम्लाने धुण्यात आली. घरांवर जंतुनाशकांचे फवारे मारले गेले, भिंतींना चुना लावण्यात आला, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली आणि काही घरांवर ‘मानवी वस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अशा कारवाईला व्यापक अधिकार दिले. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये उंदरावरील पिसवांची भूमिका पुढे मांडली. ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या ओलीला प्लेगचे मूळ समजून घरे उघडी पाडली गेली, ती ओल प्लेगचे मूळ नव्हती.

येथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. ओलीविषयीचे जुने सिद्धान्त चुकीचे ठरले, म्हणून ओल निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांत नमूद आहे. ओल घातक आहे हे प्रशासनाचे निरीक्षण सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु तिचा दोष त्याने रहिवाशांच्या ‘अस्वच्छ सवयीं’वर टाकला आणि पालिकेच्या अपुऱ्या निचऱ्याला तुलनेने मोकळे सोडले. चूक येथे होती.

उजेडाचा कोन

प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली. समुद्रावरील वारा दाट वस्तीत यावा या हेतूने न्यासाने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. न्यासाचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम हिरिरीने पुरस्कारला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या तळमजल्याच्या खोलीपर्यंत येणारा प्रकाश जमिनीशी याहून अधिक तिरकस उभा असू नये, असा त्याचा आशय होता. साध्या हिशेबाने पाहिल्यास दोन इमारतींमध्ये उंचीच्या सुमारे निम्मी जागा मोकळी ठेवावी लागते. चार-पाच फुटांच्या घरगल्लीकडे पाहिले की हा नियम जुन्या वस्तीपासून किती दूर होता, याची कल्पना येते.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. त्या ‘बीडीडी चाळी’ या नावाने परिचित आहेत. प्रत्येक बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामायिक संडास, अशी त्यांची रचना होती. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली प्रकाशित केलेल्या मुंबईतील कामगार व घरबांधणीविषयक ग्रंथातून त्या काळातील कामगारवस्तीचे चित्र मिळते. इमारतींमधील अंतर वाढले, साहित्य बदलले. पण एका खोलीतच सारे जगणे ही मूळ अडचण कायम राहिली.

चुन्याची भिंत, सिमेंटचा गिलावा

दक्षिण मुंबईतील जुन्या चाळींचा मोठा भाग लाकडी सांगाडा, भाजक्या विटा व चुन्याचा दर्जा यांनी बांधलेला आहे. चुना घाणीत मळून, त्यात वाळू किंवा सुरखी मिसळून केलेला गिलावा सच्छिद्र असतो. तो पाणी आत घेतो, तसेच बाहेरही टाकतो. शिवाय ताज्या चुन्याचा गुणधर्म तीव्र अल्कली असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे हळूहळू चुनखडीत रूपांतर होते आणि हा गुण ओसरतो. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आधी भिंतींना चुन्याचा हात देण्याच्या रूढीमागे सणाची शोभा होतीच. पण पावसाळ्यात भिजलेली भिंत वाळल्यावर तिचे संरक्षण पुन्हा उभे करण्याचे व्यवहारज्ञानही होते.

पोर्टलंड सिमेंटचे स्वामित्वपत्र जोसेफ ॲस्पडिन यांना इंग्लंडमध्ये १८२४ साली मिळाले. भारतात पोरबंदर येथील कारखान्यातून १९१४ पासून उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून एसीसी अस्तित्वात आली. पुढे सिमेंट सहज उपलब्ध होत गेले, तसा चुन्याचा घाणा व तो जाणणारा गवंडी दोन्ही मागे पडले. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर तेलरंग आणि पुढे मोरीच्या जागी गुळगुळीत टाईल, अशी ‘सुधारणा’ घरोघर झाली. सिमेंटचा थर घट्ट व तुलनेने कमी सच्छिद्र असल्याने आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती दुसरी वाट शोधते. टाईलच्या वरच्या कडेला, शेजाऱ्याच्या खोलीत किंवा खालच्या छताला. याच ओलीत तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजतात आणि लोखंडी गर्डर गंजून फुगतात. भिंतीवर दिसणारी बुरशी हा त्रास आहे. पण भिंतीच्या आत न दिसणारी कूज हा इमारतीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

एक निरीक्षण

प्रस्तुत अभ्यासकाच्या आजीची खोली गिरगावातील एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. मोरीमागच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळे डाग उठत. आजी दिवाळीपूर्वी ते घासून चुना लावीत असे. तरीही ‘मोरी कोरडी ठेवत नाही, पाणी फार सांडते’ असे तिला घरच्यांकडून व शेजाऱ्यांकडून नेहमी ऐकावे लागे. पुढे घरच्यांनी सिमेंटचा गिलावा करून टाईल बसवल्या. दोन-तीन पावसाळ्यांत टाईल फुगल्या आणि ओल शेजारच्या बिऱ्हाडात उतरली. त्यावरून दोन कुटुंबांतील बोलणे काही काळ बंद झाले. अखेर परात बांधून गवंड्याने घरगल्लीकडील बाजू पाहिली, तेव्हा बिडाच्या नळाच्या जोडात पिंपळाचे रोप वाढलेले आढळले. त्याच्या मुळांनी जोड उकलला होता आणि वरच्या सर्व मजल्यांचे पाणी वर्षानुवर्षे याच भिंतीत मुरत होते. आजीच्या बादलीचा त्यात काही दोष नव्हता. हे उघड झाले तेव्हा ती हयात नव्हती.

हे एकच उदाहरण आहे आणि त्यावरून सर्वसामान्य नियम काढणे योग्य होणार नाही. तथापि, १८९६ च्या प्रशासनाने चाळकऱ्यांविषयी जो तर्क केला, तोच तर्क घरातील माणसांनी घरातील स्त्रीविषयी केला, हे साम्य दुर्लक्षिण्यासारखे नाही. पाण्याची वाट न शोधता पाणी वापरणाऱ्याला दोषी धरणे सोपे असते, कारण ती व्यक्ती समोर असते आणि नळ भिंतीपलीकडे असतो.

दुरुस्ती कोणाची?

मोरीची भिंत आतून भाडेकरूची, बाहेरून घरमालकाची आणि तिच्यामागची गल्ली सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही, अशी तिची अवस्था आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. टंचाईच्या काळात लाखो कुटुंबांना या कायद्याने आसरा दिला, ही वस्तुस्थिती आहे. त्याचबरोबर भाड्याचे उत्पन्न व दुरुस्तीचा खर्च यांतील अंतर वाढत गेले आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, हीदेखील वस्तुस्थिती आहे. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत नोंदवले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा संमत होऊन ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

दरम्यान १९६९ च्या कायद्याने उपकर आकारून त्या निधीतून जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे मंडळ अस्तित्वात आले. पुढे ते म्हाडाच्या छत्राखाली गेले. मूळ नोंदीनुसार अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी बहुसंख्य १९४० पूर्वीच्या होत्या. मंडळाने अनेक इमारती सावरल्या. परंतु दुरुस्तीत तुळया बदलणे, टेकू देणे यांना स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळाला आणि घरगल्लीतील नळांची निगा मागे राहिली. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. त्या यादीत नाव येण्याआधी कित्येक वर्षे एखादी ओली भिंत आपली सूचना देत असते.

उपायांची दिशा

ऐतिहासिक विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. प्रथम ओल कोठून येते हे निश्चित करावे. त्याआधी रंग किंवा गिलावा यांवर खर्च करू नये. बाहेरील नळ, त्यांचे जोड व भिंतीत उगवलेली रोपे यांची पाहणी उन्हाळ्यात करावी. फुगलेला सिमेंटचा थर काढून भिंत पुरेशी वाळू द्यावी. मुंबईत त्यासाठी दिवाळीनंतरचे कोरडे महिनेच उपयोगी पडतात. चुन्याच्या भिंतीला शक्यतो चुन्याचाच गिलावा करावा. बुरशी घासताना नाक-तोंड झाकावे आणि भिंत आधी ओली करून घ्यावी, म्हणजे तिचे बीजाणू उडत नाहीत. जंतुनाशकाने डाग जातो. पाण्याची वाट बंद होत नाही. तुळईचे टोक मऊ लागल्यास मात्र गवंड्यावर न विसंबता संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

निष्कर्ष

१. मुंबईत नळाचे पाणी व सांडपाण्याचा निचरा यांची वाढ समांतर झाली नाही. जुन्या घरांतील ओलीचे एक महत्त्वाचे ऐतिहासिक कारण या विसंगतीत आहे.

२. प्लेगकाळात ओलीचे निरीक्षण योग्य होते, पण तिचे कारण रहिवाशांच्या सवयींत शोधल्याने व्यवस्थेतील उणीव झाकली गेली.

३. चुन्याकडून सिमेंटकडे झालेल्या बदलाने जुन्या भिंतींची वाळण्याची क्षमता कमी केली.

४. मालक, भाडेकरू व शासन यांच्यात विभागलेल्या जबाबदारीमुळे सामायिक नळ व घरगल्ली यांची निगा दुर्लक्षित राहिली.

समारोप

आज जुन्या चाळींचा पुनर्विकास वेगाने होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या देण्यास प्रारंभ झाला. जुन्या मोऱ्या नाहीशा होतील आणि त्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. कोणाच्याही वाट्याला ओली खोली येऊ नये. परंतु उंच इमारतीतही नळ भिंतींतूनच जातात आणि त्यांचे जोड कधीतरी उकलतातच. तेव्हा पुन्हा कोणा आजीच्या बादलीकडे बोट दाखवण्याआधी भिंतीपलीकडे पाहण्याची सवय आपल्याला लागावी, एवढाच या अभ्यासाचा हेतू आहे. महाविद्यालयीन स्तरावर स्थानिक इतिहासाचे प्रकल्प देताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातील पाण्याची वाट शोधायला सांगितली, तर शहराच्या इतिहासाचे एक न वाचलेले प्रकरण त्यांच्या हाती लागेल, असे वाटते.